शंका वडोदऱ्याच्या, उत्तरं कुठली?

रावपुरा, दांडिया बाजार, अलकापुरी, इंग्रजीच्या कुठल्याही क्लासात जा, शंका ठरलेल्या. ‘सिन्स टू इयर्स’ चूक का? ‘डिस्कस अबाउट’ म्हटलं तर काय बिघडलं? वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन चालतं का? आयएल्ट्स या परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेवाल्यांची गर्दी वाढल्यापासून त्या जास्त कानावर येतात, एवढंच. उत्तरं मात्र बरीच जुनी, आणि त्यातली कित्येक मुळात आपल्यासाठी लिहिलेलीच नव्हती.

प्रिपोझिशनचंच घ्या, म्हणजे ‘टू’, ‘इन’, ‘फॉर’ असले छोटे शब्द. १६७२ मध्ये ड्रायडन या कवीने नाटककार बेन जॉन्सनच्या प्रिपोझिशनवर संपणाऱ्या वाक्यांवर बोट ठेवलं. पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने व्याकरण लिहिलं. त्याने बंदी वगैरे घातली नव्हती; बोलण्यात ही लकब खपते, गंभीर लेखनात टाळलेली बरी, इतकंच त्याचं म्हणणं. आणि हे सांगताना त्याने स्वतःचं वाक्य ‘टू’वरच संपवलं! १७९५ मध्ये लिंडली मरेने आपल्या व्याकरणात ते वाक्य उचललं आणि ‘टू’ मुकाट्याने आत सरकवला. मरेचं पुस्तक शाळाशाळांत पोचलं आणि सल्ल्याचा नियम झाला. हिंदुस्थानात त्या परंपरेतून आधी नेसफील्डचं व्याकरण आलं, मग १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं. यातल्या रेनने मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केली होती, तरी पुस्तकाचा साचा विलायतीच राहिला.

वडोदऱ्यात बडोदा कॉलेज सुरू झालं ते १८८१ मध्ये, मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. इंग्लंडात शिकलेले अरविंद घोष १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि पुढे या कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. मुलं शब्दन् शब्द उतरवून घेतात आणि घोकतात, याचं त्यांना नवल वाटायचं. कवी साउदीने लिहिलेलं इंग्रज नौसेनानी नेल्सनचं चरित्र शिकवताना मुलांनी तक्रार केली, की तुम्ही सांगता ते नोट्सशी जुळत नाही. त्यावर ते म्हणाले, नोट्स मी वाचलेल्याच नाहीत. ही आठवण त्यांनीच पुढे सांगितली. नोट्सचा मान सरांपेक्षा मोठा, हे आपल्याकडे फार आधीपासून आहे.

‘सिन्स’ची गोष्ट वेगळी. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ पुरतं. गुजरातीत ‘थी’ तेच काम करतं. इंग्रजी मात्र सुरुवात आणि कालावधी वेगळे धरते: सोमवारला ‘सिन्स’, दोन वर्षांना ‘फॉर’. घरात मराठी, बाजारात गुजराती बोलणाऱ्या वडोदऱ्याच्या मुलाला दोन्ही भाषा एकाच खड्ड्याकडे ढकलतात. लंडनच्या मुलाला ही शंका येत नाही, मग त्याच्यासाठी लिहिलेल्या व्याकरणात तिच्याकडे लक्ष कोण देणार? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांची थोरवी इथेच आहे. मराठी वाक्यापासून निघायचं आणि इंग्रजीत पोचायचं, म्हणजे विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो ते आपोआप दिसतं. घोकंपट्टीचा आरोप त्यांच्यावर होतो, तो सगळाच खोटा नाही.

शिकणाऱ्याची शंका केंद्रस्थानी ठेवून इंग्रजी कोशच रचण्याचं मोठं काम झालं ते जपानात. इंग्रजी कसं शिकवावं याचा अभ्यासक हॅरॉल्ड पामर १९२२ मध्ये तिथे गेला. नंतर आलेल्या ए. एस. हॉर्नबीने सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने छापला. कुठल्या क्रियापदानंतर काय येतं, कुठलं नाम मोजता येतं, हे त्यात खुणा करून दाखवलं होतं. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ का नको, ‘इन्फर्मेशन’चं अनेकवचन का होत नाही, याचं उत्तर नियम पाठ न करता कोशातच सापडू लागलं. १९८७ मध्ये बर्मिंगहॅमहून निघालेल्या कोबिल्ड कोशाने त्यापुढे जाऊन प्रत्यक्ष लेखन-बोलण्याचा मोठा साठा कॉम्प्युटरवर तपासला.

वाक्प्रचारांना तर या तपासणीची फारच गरज होती. मुसळधार पावसासाठीचा ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ लेखक जोनाथन स्विफ्टने १७३८ मध्ये वापरला, तोही गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टिंगल करणाऱ्या संवादांत. आपल्या क्लासांच्या यादीत तो अजून पहिल्या पाचांत असतो. पाऊस कोसळायला लागला की इंग्रज मात्र बहुतेक वेळा साधं ‘इट्स पोअरिंग’ म्हणतो.