प्रश्न एप्रिलच्या पाण्याचा: लडाखमधल्या कृत्रिम हिमनद्यांमागची कहाणी

लडाखमध्ये पेरणी एप्रिल-मेमध्ये होते आणि नेमके तेव्हाच ओढे आटलेले असतात. साधारण 5,000 मीटरच्या वर असलेल्या हिमनद्या जून उजाडल्याशिवाय नीट वितळत नाहीत. तोवर थांबावं तर उन्हाळा इतका आखूड, की जव-गहू पिकायच्या आत थंडी येऊन ठेपते. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून पडतो तो 100 मिलिमीटरच्या आसपास. कोकणात जुलैच्या एखाद्या दिवसात तेवढा कोसळतो. त्यामुळे पावसाच्या भरवशावर तिथे कुणी नांगर धरत नाही. वर्षभराचं पीक या दीड-दोन महिन्यांच्या पाण्यावर ठरतं.

पाण्यात पडणारा हा खंड नवा नाही आणि त्यावरची व्यवस्थाही जुनी आहे. गाव आपल्यातूनच एक 'चुरपोन' निवडतं. कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं हे तो ठरवतो. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकरी जे काम करतो, जवळजवळ तेच. शेतांच्या वरच्या अंगाला 'झिंग' नावाचं छोटं तळं असतं. रात्रभर त्यात पाणी साठतं आणि दिवसा शेताला मिळतं. पलीकडे, आज पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या बाल्टिस्तानात, हिमनद्यांचं लग्न लावायची प्रथा होती. काळपट बर्फ नर आणि पांढरा मादी मानून दोन्ही पाठीवर उंच सावलीत न्यायचे आणि कोळसा-भुश्शात झाकून ठेवायचे. त्यातून हिमनदी खरंच वाढते का, हा वाद बाजूला ठेवू. पण बर्फ आपल्याला हवा तिथे धरून ठेवता येईल, ही कल्पना या डोंगरांत पूर्वीपासून होती एवढं नक्की.

तिला अभियांत्रिकीची जोड दिली छेवांग नोरफेल यांनी. ते ग्रामविकास खात्यात स्थापत्य अभियंता होते. हिवाळ्यात नळ गोठून फुटू नयेत म्हणून लोक ते थोडे उघडे ठेवतात. तसं वाहून गेलेलं पाणी झाडाच्या सावलीत थबकून गोठल्याचं त्यांनी पाहिलं. मोकळ्या उन्हात वाहणारं पाणी मात्र गोठत नव्हतं. म्हणजे वेग कमी हवा आणि सावली हवी. 1987 मध्ये फुकत्से गावात त्यांनी ओढ्याचं हिवाळी पाणी पाटाने उत्तराभिमुख उतारावर वळवलं आणि दगडी बांधांच्या पायऱ्या रचून ते अडवलं. पाणी थरांवर थर गोठत गेलं; हीच कृत्रिम हिमनदी. हा बर्फ खऱ्या हिमनदीपेक्षा बराच खाली, गावाजवळ असल्याने आधी वितळला आणि पेरणीला पाणी मिळालं. दगड तिथलाच, मजुरीही गावातलीच. मला या कामाचं मोठेपण त्यातच दिसतं: बांध ढासळला तर गावातला माणूस तो पुन्हा रचू शकतो. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अडचण एकच, सावलीची अशी जागा प्रत्येक गावाला लाभत नाही. 2013-14 च्या हिवाळ्यात लडाखमधलेच अभियंता आणि शिक्षणकर्मी सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ओढ्याचं पाणी नळीतून खाली आणलं आणि उभ्या पाइपातून कारंज्यासारखं उडवलं. उगम उंचावर असल्याने पंपाची गरज नव्हती. कडाक्याच्या थंडीत थेंब पडता पडता गोठले आणि बर्फाचा शंकू, म्हणजे हिमस्तूप, उभा राहिला. शंकूत बर्फ भरपूर मावतो, पण ऊन लागणारा पृष्ठभाग त्या मानाने कमी असतो. म्हणून तो भर उन्हातही टिकतो. लेहजवळच्या त्या पहिल्या स्तूपात सुमारे दीड लाख लिटर पाणी साठलं होतं आणि त्यातला बर्फ मेच्या मध्यापर्यंत टिकला.

नोरफेल यांच्या पहिल्या बांधानंतरच्या या काळात जगही डोंगरांकडे वळून पाहू लागलं होतं. 1992 च्या रिओ इथल्या पर्यावरण परिषदेच्या कृती आराखड्यात पर्वतीय प्रदेशांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिलं गेलं, 2002 हे आंतरराष्ट्रीय पर्वत वर्ष झालं, 2008 मध्ये भारताने हिमालयासाठी वेगळं अभियान आखलं. कागद महत्त्वाचे आहेतच. पण लेहचं रोजचं जगणं बदललं ते 1974 नंतर, लडाख पर्यटकांना खुलं झाल्यावर. सुरुवातीला वर्षाला काही शेकडा माणसं येत. 2022 मध्ये पाच लाखांहून अधिक आली. त्यात आपले मराठी पर्यटकही खूप असतात. घरोघरी कोरडा संडास होता, त्यात माती टाकून शेताला खत मिळे. तिथे आता फ्लशची हॉटेलं उभी राहिली आणि त्यांच्यासाठी बोअरवेल खोदल्या गेल्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कृत्रिम हिमनदी ही हिमनदी नव्हे. ती दर उन्हाळ्यात संपते. हिवाळ्यात सिंधूकडे वाया जाणारं पाणी ती काही महिने थोपवून धरते, इतकंच. वरचा खरा बर्फ गेला तर थोपवायला पाणी कुठलं? तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातला एक तृतीयांश हिमनद्यांचा बर्फ या शतकाअखेर जाईल, असं 2019 च्या शास्त्रीय आढाव्यात म्हटलं आहे.

शिवाय हे काम माणसांवर चालतं. बांध दरवर्षी डागडुजी मागतात. जानेवारीच्या रात्री स्तूपाची नळी गोठली, तर कुणाला तरी उणे वीस अंशांत वर जाऊन ती मोकळी करावी लागते. आणि गावातली तरुण मुलं आता बरीचशी लेहमध्ये असतात, हॉटेलांत आणि टॅक्सीवर.