लिथियम, घाम आणि सुरगाण्याची एसटी

मार्च संपत येतो तेव्हा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऊन चांगलंच तापलेलं असतं. तिथे राबणाऱ्या माणसाला बायपोलर आजारासाठी, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजारासाठी, लिथियम चालू असेल, तर वर्षभर मानवलेली मात्राही त्याच्या अंगावर येऊ शकते.

लिथियम हा साधा क्षार. उन्मादावर तो गुणकारी असल्याचं ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९मध्ये दाखवलं. मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं. घामावाटे पाणी-मीठ गेलं, की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्यासोबत लिथियमही. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या आयबुप्रोफेननेही लिथियम रक्तात साठतं. रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल हवं; दीडच्या वर गेलं की हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. इतकी अरुंद वाट असल्यामुळे शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त तपासावं लागतं. नाशिकमध्ये राहणाऱ्याला हे जमतं. सुरगाणा-पेठच्या पाड्यावरून येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. मग व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या औषधाचा पर्याय पुढे येतो, पण त्याने गर्भाला इजा होऊ शकते, त्यामुळे तरुण बाईला ते देणं धोक्याचं. म्हणजे कोणतं औषध द्यायचं हे मेंदूइतकंच रस्त्यावरही ठरतं. हे मला फार अस्वस्थ करणारं वाटतं.

सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला. नाशिककरांचा उपचार बहुतेक ओपीडीत आणि घरीच होतो. स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराचा, रुग्ण घरी राहू शकतो, याचं बरंचसं श्रेय १९५२मध्ये पॅरिसमध्ये वापरात आलेल्या क्लोरप्रोमाझिनला आणि त्यामागून आलेल्या औषधांना. पण बरं वाटलं की गोळ्या सुटतात. त्यावर हॅलोपेरिडॉल डेकॅनोएटचं इंजेक्शन आहे: तिळाच्या तेलात विरघळवलेलं औषध स्नायूतून सुमारे महिनाभर झिरपत राहतं. ते तालुक्याच्या दवाखान्यातली नर्सही देऊ शकते, तारीख लक्षात ठेवणारं कुणी असलं तर.

घरच्यांना यात ओढायला हवं, हे अमृतसरच्या डॉ. विद्या सागर यांनी १९५०च्या दशकातच ओळखलं होतं. त्यांनी नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूत रुग्णासोबत राहू दिलं.

लिथियम चालू असेल तर उन्हाळ्यात पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नका, निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारूनच करा. जुलाब-उलट्या लागल्या तर पुढची गोळी घेण्याआधी त्यांना फोन करा. मनाच्या आजाराबद्दल काही विचारायचं असेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही.