उणे-अधिकच्या जोड्या कशा शोधायच्या?

लातूरच्या मोंढ्यात आडत्याने शेतकऱ्याला उचल दिली की तक्त्यात रक्कम उणे पडते. सोयाबीनच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, ती वळती झाली की तीच रक्कम अधिक होऊन येते. हंगाम सरल्यावर या रकान्यातल्या कोणत्या रकमा फिटल्या आणि कोणत्या उघड्या राहिल्या, हे कळायला हवं.

प्रत्येक रक्कम बाकीच्या प्रत्येकीशी ताडून पाहिली, तर 10,000 नोंदींसाठी जवळजवळ 5 कोटी जोड्या तपासाव्या लागतात. नोंदी दुप्पट झाल्या की काम चौपट. त्याऐवजी एक्सेलमधल्या ‘एबीएस’ या सूत्राने चिन्ह काढून टाकावं आणि रकमा चढत्या क्रमाने लावाव्यात. सारख्या रकमा आपोआप शेजारी येतात. चांगल्या रीतीने क्रम लावायला दीड लाखाच्या आसपास तुलना पुरतात.

खरी फसगत पुढे आहे. समजा, उणे 5,000 तीनदा आहे आणि अधिक 5,000 दोनदाच. अटीत बसणाऱ्या नोंदी मोजणाऱ्या ‘काउंटइफ’ या सूत्राने नुसतं विचारलं, ‘हिची उलट रक्कम रकान्यात आहे का?’, तर पाचही ओळी जुळल्यासारख्या दिसतात आणि एका शेतकऱ्याकडची बाकी नजरेआड होते. म्हणून प्रत्येक रक्कम कितव्यांदा आली, हेही मोजायला हवं. ‘काउंटइफ’ ज्या ओळींत मोजतं, त्या पट्ट्याचं पहिलं टोक डॉलरच्या चिन्हाने पक्कं करायचं आणि दुसरं ओळीबरोबर खाली सरकू द्यायचं. मग तिसऱ्या उणे 5,000 ला तिसरं अधिक सापडत नाही आणि ती उघडी पडते. या साऱ्या खटाटोपात मला हीच युक्ती सर्वांत देखणी वाटते.

रुपये-पैशांतल्या रकमा मात्र आधी ‘राउंड’ने दोन दशांश स्थळांपर्यंत आणाव्यात. संगणक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, मोजतो आणि तिथे 0.1 तंतोतंत लिहिताच येत नाही. बेरजा-वजाबाक्यांनंतर दूरच्या दशांशात कणभर फरक उरतो आणि सारख्या दिसणाऱ्या रकमा जुळत नाहीत.

एकाच पट्टीतून चार-पाच उचली फिटल्या असतील, तर प्रश्नाची जातच बदलते: कोणत्या नोंदींच्या गटाची बेरीज पट्टीशी जुळते, हे शोधावं लागतं. 30 नोंदींचे 107 कोटींहून जास्त गट पडतात आणि एक नोंद वाढली की गट दुप्पट. संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी 1972 मध्ये अवघड म्हणून दाखवलेल्या 21 प्रश्नांत याच जातीचा एक आहे. सगळ्या परिस्थितीत झटपट चालेल अशी रीत आजही कुणाला सापडलेली नाही. अशा वेळी रकमांशी झुंजण्यापेक्षा आधी खातेदाराच्या नावाने गाळणी लावावी. एका खात्यावर 5 उचली असतील तर गट पडतात फक्त 31, आणि तेवढे हातानेही तपासून होतात.