फोटो हरवले की फोटोंची नोंदवही?

नवा संगणक घेतल्यावर ‘जुने सगळे फोटो गेले’ असे कोणी सांगितले, तर दुरुस्तीची भाषा सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते: दिसेनासे झाले आहेत ते फोटो, की त्या फोटोंची लायब्ररी? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीची नियमित मदत (सुरक्षेचे अपडेट) थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि ती अनेक जुन्या यंत्रांत नाही, म्हणून पुष्कळ घरांत संगणकच बदलावा लागला. तेव्हापासून अमळनेर, चोपडा, पाचोरा अशा गावांतल्या नातेवाइकांकडून मी हे वाक्य वारंवार ऐकत आलो आहे, आणि बहुतेक वेळा त्यांचे फोटो जागच्या जागीच सापडले आहेत.

घोटाळा ‘लायब्ररी’ या शब्दापासूनच सुरू होतो. वाचनालय म्हटले की पुस्तकांनी भरलेली कपाटे डोळ्यांसमोर येतात. परंतु पिकासा किंवा लाइटरूम या फोटो लावून ठेवण्याच्या सॉफ्टवेअरांची लायब्ररी ही ग्रंथपालाच्या टेबलावरील दाखल-नोंदवहीसारखी असते. कोणता फोटो कोणत्या फोल्डरमध्ये आहे, त्यातील चेहरा कोणाचा, कोणत्या अल्बममध्ये त्याला घातले, त्याचा उजेड किती वाढवला, कडा कुठे कापल्या, हे सारे त्या वहीत असते. फोटो म्हणजे डिस्कवरची जेपीजी फाइल. वही जळाली तरी पुस्तके कपाटात राहतात, आणि कपाट हलवले तर वहीतला पत्ता चुकीचा ठरतो. धुळ्यातल्या एखाद्या स्टुडिओत लाइटरूम उघडल्यावर प्रत्येक फोटोवर ‘फाइल सापडत नाही’ अशी खूण दिसते, तेव्हा बहुधा एवढेच झालेले असते की जुन्या यंत्रावरचा डी ड्राइव्ह नव्या यंत्रावर ई झाला. हरवलेल्या फोल्डरवर उजवी कळ दाबून नवी जागा दाखवली की वही आणि कपाट पुन्हा जुळतात.

मॅकवर मात्र ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेली असतात. आयफोटो या ॲपलच्या जुन्या फोटो-सॉफ्टवेअरची लायब्ररी वरून एकच फाइल दिसत असली, तरी उजवी कळ दाबून ‘शो पॅकेज कंटेंट्स’ निवडले की आत ‘मास्टर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये मूळ फोटो मिळतात. त्याहून जुन्या आवृत्त्यांत त्याच फोल्डरचे नाव ‘ओरिजिनल्स’ असते. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून आयफोटो चालत नाही, म्हणून ते गाठोडे त्याच्या जागी आलेल्या ‘फोटोज’मधून उघडावे लागते. आपल्याकडे मॅक थोड्याच घरांत असल्याने मी एवढ्यावरच थांबतो.

खानदेशातल्या घरांत, निदान मी पाहिलेल्या घरांत, फोटो राहतात ते डी ड्राइव्हवर, आणि २०१० च्या आसपास त्यांची व्यवस्था लावली ती पिकासाने. गूगलने पिकासाचा आधार १५ मार्च २०१६ रोजी बंद केला, तरी संगणकावर आधीच बसवलेला पिकासा पुढे वर्षानुवर्षे चालत राहिला. त्याची मुख्य नोंदवही मात्र सी ड्राइव्हवर, वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात, ॲपडेटा या लपवलेल्या जागेत असते. दुकानदार संगणक नवा करताना सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो, डी ड्राइव्हला हात लावत नाही आणि ‘तुमचा सगळा डेटा सुरक्षित आहे’ असे मनापासून सांगतो. त्याच्या दृष्टीने ते खरेही असते, कारण फोटो सुरक्षित असतात. नोंदवही मात्र त्याच घडीला पुसली गेलेली असते.

आमच्या घरीही नोंदवही अशीच गेली. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या सणासाठी, भाऊबंद जमतात; सुरत, नाशिक, पुणे इथे पांगलेली चार पिढ्यांची माणसे अमळनेरच्या ओट्यावर एकत्र बसतात आणि तेव्हाचे फोटो दरवर्षी निघतात. त्यांच्यासोबत नानांनी आजोबांच्या काळातले कृष्णधवल फोटोही स्कॅन करून ठेवले होते, आणि पिकासात एकेका चेहऱ्यावर नाव लिहिण्यात त्यांच्या निवृत्तीची दोन वर्षे गेली होती. नवा संगणक आला, दुकानातून फोटोंनी भरलेली हार्ड डिस्क आली, मोजदाद केली तर एकही फोटो कमी नव्हता. नाव मात्र एकही नव्हते.

मोबाइल किंवा डिजिटल कॅमेऱ्याच्या फोटोत काढल्याची तारीख फाइलच्या आतच, एक्झिफ या भागात लिहिलेली असते; फाइल कितीही वेळा कॉपी केली तरी ती टिकते. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती गळून पडते, म्हणून नातेवाइकांकडून आलेल्या प्रतीला मूळ फोटो समजू नये. स्कॅन केलेल्या फोटोत तर फार झाले तर स्कॅन केल्याचा दिवस असतो. १९५० सालच्या लग्नाचा फोटो असेल, तर तो कोणाच्या लग्नाचा आणि नवरीशेजारी कोण उभे आहे, हे त्या फाइलला मुळीच माहीत नसते. अशा फोटोंच्या बाबतीत नोंदवही गेली की अर्धा फोटोच गेला असे मी मानतो.

सुदैवाने पिकासा आपली सगळी भिस्त मुख्य वहीवर ठेवत नाही. ज्या फोल्डरात फोटो आहेत त्याच फोल्डरात तो ‘पिकासा.आयएनआय’ नावाची छोटी, लपवलेली फाइल ठेवतो. तिच्यात चेहऱ्यांच्या चौकटी, नावे आणि केलेले बदल नोंदलेले असतात, आणि नोटपॅडमध्ये उघडली तर त्यातली नावे साध्या डोळ्यांनी वाचता येतात. पूर्ण फोल्डर कॉपी केला तर ही फाइल सोबत येते. फोल्डर उघडून दिसणारे फोटो निवडले आणि तेवढेच कॉपी केले तर ती मागे राहते. आमच्या दुकानदाराने यातला दुसरा मार्ग घेतला होता. आम्ही जुनी डिस्क परत मागून घेतली, यूएसबीच्या जोडणीने नव्या संगणकाला लावली (साडेतीन इंची डिस्कला वेगळा वीजपुरवठा लागतो, हे ध्यानात ठेवावे), लपवलेल्या फाइली दिसतील अशी सोय केली आणि मूळ फोल्डर जसेच्या तसे उचलले. जुन्या पिकासाने ते वाचले आणि बहुतेक नावे परत आली.

फोटोच खरोखर पुसले गेले असतील तर प्रकरण वेगळे असते. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर पुसलेला फोटो त्याच जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक राहतो, म्हणून ती डिस्क वापरणे तत्काळ थांबवावे आणि फोटोरेक हे मोफत साधन चालवून सापडलेले फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवावेत. फिरती चकती नसलेल्या नव्या एसएसडी डिस्कवर ‘ट्रिम’ची व्यवस्था पुसलेली जागा लवकरच मोकळी करते आणि आशा फारशी उरत नाही. जुन्याच यंत्रावर विंडोजची नवी आवृत्ती चढवली असेल, तर सी ड्राइव्हवरचा ‘विंडोज.ओल्ड’ हा फोल्डर साधारणपणे दहा दिवसांत आपोआप काढला जातो. तो त्याआधीच उघडून पाहावा. फोटोरेकने मिळवलेल्या फाइलींची मूळ नावे आणि फोल्डर मात्र येत नाहीत, म्हणजे तिथेही हाती लागतात ते फोटोच, लायब्ररी नव्हे.

नावे परत आल्यावर आम्ही पिकासाच्या ३.९ या आवृत्तीत असलेली, नावे फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवण्याची सोय चालू केली. तशी लिहिलेली नावे डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअरही वाचते, त्यामुळे पुढचा संगणक बदलताना पिकासा उरला नाही तरी चालेल. ज्या अकरा चेहऱ्यांची नावे आली नाहीत त्यांचे फोटो मोठे छापून घेतले आहेत, आणि येत्या रोटांना सुरतेची आत्या आली की ते तिच्यापुढे ठेवायचे आहेत.