चुण्या की प्लेट्स? परकराचा घेर कंबरेत बसवताना

कंबर २४ इंच आणि कापडाचा घेर ७२ इंच. मधले ४८ इंच कुठेतरी जिरवायचे असतात. चुण्या आणि प्लेट्स, दोन्ही तेच करतात, म्हणून शिवायला नुकतंच बसलेल्यांना ही एकाच कामाची दोन नावं वाटतात. शिंप्याला तुम्ही नुसतं ‘चुण्या घाला’ सांगितलंत तर तो त्याच्या सवयीचं काहीतरी करून देतो आणि परकर घातल्यावर कळतं की आपल्याला दुसरंच हवं होतं.

चुण्यांमध्ये कापड दोऱ्यावर गोळा होतं. मशिनचा टाका मोठा करायचा, वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करायचा आणि वरच्या कडेला पाव इंच अंतराने दोन समांतर शिलाया मारायच्या. मग बॉबिनचे दोन्ही दोरे एकदम, हळूहळू ओढायचे. एकच शिलाई मारून काम उरकू नका. एका दोऱ्यावर चुण्या फिरतात, एकीकडे गर्दी आणि दुसरीकडे सपाट असं होतं. घेराचे आणि कंबरेच्या पट्टीचे चार-चार समान भाग करून टाचण्या लावल्या, की चुण्या सारख्या वाटल्या जातात. पट्टी दोन शिलायांच्या मधोमध जोडायची आणि बाहेर दिसणारी खालची शिलाई मग उसवायची.

प्लेट्समध्ये दोऱ्याला काही ठरवू देत नाहीत. प्रत्येक घडी मोजून, खडूने खूण करून, एकाच दिशेला पाडायची. एक इंचाची प्लेट वर दिसते तिच्याखाली कापडाचे आणखी दोन थर असतात, म्हणून कंबरेच्या तिप्पट कापड लागतं. चुण्यांना दीडपट-दुपटीतही भागतं. मलमलीसारखं पातळ कापड असेल तर तिप्पट घ्यावं.

प्लेट्सची खरी परीक्षा मोजमापात आहे. २४ इंची कंबरेला एक-एक इंचाच्या २४ प्लेट्स. प्रत्येक प्लेट एका सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने, अरुंद पडली तरी कंबर थेट ३ इंचांनी आवळते. चुण्यांमध्ये अशी चूक बोटाने सरकवून मिटते, इथे सगळ्या घड्या पुन्हा पाडाव्या लागतात. त्यामुळे आधी धावदोरा घालून प्लेट्स धरायच्या, ओलसर फडक्यावरून इस्त्री करायची, कंबर मोजायची आणि मगच पट्टी लावायची. सुती छापील कापडाचे दोन पन्हे जोडले असतील तर जोड प्लेटच्या आतल्या घडीत येईल असं पाहा, बाहेरून तो दिसतच नाही.

कामाचा क्रमही उलटा होतो. चुण्यांच्या परकराला खालची दुमड शेवटी घातली तरी चालते. प्लेट्सच्या घड्या थेट खालपर्यंत जातात, म्हणून दुमड आधी शिवून, इस्त्री करून घ्यायची. खणाला मात्र तयार काठ असतो, तिथे दुमडीचा प्रश्नच नाही. उंची कमी करायची ती वरून, कंबरेकडून, आणि तीही घड्या पाडण्याआधी.

खणाचाच विषय निघाला म्हणून सांगते, माझं मत प्लेट्सच्या बाजूने आहे. खणाला अंगचा ताठरपणा असतो. दाट चुण्या घातल्या की कंबरेशी जाड फुगा येतो, लहान मुलीचं पोलकं त्यावर नीट बसत नाही आणि आतल्या शिलाईचा गठ्ठा पोटाला टोचतो. त्याच कापडाच्या प्लेट्स पोटाशी सपाट राहतात आणि चालताना खाली उघडतात. वरचे दोन-तीन इंच प्लेटच्या कडेने शिवून टाकले तर अजून छान.

रोजच्या सुती फ्रॉकला मात्र चुण्याच घाला. सुती प्लेट्स प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा एकेक करून इस्त्री कराव्या लागतात, शाळा आणि घर सांभाळून ते होत नाही. शिवाय मूल वाढलं की चुण्यांचा दोरा सैल करून नवी, लांब पट्टी लावता येते.