इनक्लाइन मारताय की शोल्डर प्रेस?

बेळगावात टिळकवाडीपासून शहापूर-वडगावपर्यंत कुठल्याही जिममध्ये सोमवारी संध्याकाळी गेलात तर फ्लॅट बेंचला, म्हणजे आडवं झोपून बार ढकलायच्या बाकाला, रांग असते आणि तिकडं इनक्लाइनवर, म्हणजे पाठ तिरकी उचललेल्या बेंचवर, कोणतरी बेंचची पाठ जवळजवळ ताठ करून बार ढकलत असतो. काय मारायलास म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अप्पर चेस्ट, अण्णा." नाही रे बाबा, पुढचा खांदा मारायलास तू. खांदा मारण्यात वाईट काहीच नाही, पण तो छातीच्या दिवशी, छातीच्या नावाखाली मारायचा आणि मग सहा महिन्यांनी "माझी वरची छाती भरतच नाही, जेनेटिक्स आहे" म्हणायचं, हे ऐकून ऐकून मी थकलोय, म्हणून एकदा नीट लिहितो.

फ्लॅट सगळ्यांना येतो, त्यावर वेळ घालवत नाही. पाठीची पाती मागे आवळलेली, पाय जमिनीत रोवलेले, बार निपलच्या रेषेत किंवा किंचित खाली टेकवून वर. अंगठा बारभोवती गुंडाळलेलाच पाहिजे, त्यात चर्चा नाही. आणि मागं उभा राहिलेला दोस्त प्रत्येक रेपला, म्हणजे बार खाली-वर होताना दर वेळी, बार ओढत असेल तर ते वजन तुमच्या नावावर लावू नका.

आता खरा घोळ. छातीचा मोठा स्नायू एकच आहे पण त्याचे तंतू दोन ठिकाणांहून निघतात. वरचे निघतात कॉलरबोनपासून, बाकीचा मोठा हिस्सा छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांवरून, आणि दोन्ही जाऊन दंडाच्या हाडालाच चिकटतात. वरच्या तंतूंचं काम दंड पुढून वर आणणं आणि आत ओढणं. म्हणून बेंचची पाठ जरा उचलली की ढकलण्याची दिशा त्या तंतूंच्या रेषेत येते आणि वरची छाती जास्त काम करते. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढं मात्र लोक असं धरून चालतात की थोडं उचललं तर थोडा फायदा, मग जास्त उचललं की जास्त फायदा, आणि गाडी इथंच घसरते. कारण दंड पुढून वर आणण्याचं काम पुढचा खांदाही करतो, आणि पाठ जसजशी उभी होते तसतसा तो जास्त जास्त भार घेत जातो. पूर्ण उभी केली की ती सरळ शोल्डर प्रेस, म्हणजे बसून डोक्यावर वजन ढकलणं, तिथं छातीला फारसं काही उरत नाही. म्हणजे फ्लॅट आणि शोल्डर प्रेसच्या मधे एक छोटी खिडकी आहे आणि वरची छाती त्या खिडकीत आहे.

ती खिडकी कुठं, तर स्पेनमधल्या संशोधकांचा २०२० चा एक अभ्यास आहे, त्यात ०, १५, ३०, ४५ आणि ६० डिग्रीवर बेंच प्रेस करायला लावून स्नायू किती काम करतात ते इलेक्ट्रोड लावून मोजलं. वरच्या छातीचं काम ३० डिग्रीला सगळ्यात जास्त निघालं, आणि ४५ च्या पुढं पुढचा खांदा वाढत गेला, छाती कमी होत गेली. आता ४५ म्हणजे अगदी वाया असंही नाही, कारण त्याच वर्षी ब्राझीलमध्ये नवख्या तरुणांना आठ आठवडे ४४ डिग्रीवर ट्रेनिंग देऊन बघितलं तेव्हा फ्लॅटवाल्यांपेक्षा त्यांची वरची छाती जाड झालेली दिसली. पण निवडायची मुभा असेल तर मी १५ ते ३० च्या मधेच राहतो आणि दुसऱ्यांनाही तेच सांगतो. ६० ला छाती शोधू नका.

आणि ही डिग्री खाचा मोजून कळत नाही! "तिसऱ्या होलात टाक" हा सल्ला देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. प्रत्येक बेंचच्या खाचा वेगळ्या, त्यातून आपल्याकडं अर्ध्या जिममधले बेंच ओळखीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतलेले, त्याची तिसरी खाच २५ ला असेल नाहीतर ५० ला. मोबाईलमध्ये लेव्हल दाखवणारं ॲप असतं, फोन बेंचच्या पाठीवर ठेवा आणि आकडा बघा, जमिनीला समांतर म्हणजे ०. एकदाच करायचं काम आहे, मग त्या खाचेवर चिकटपट्टी लावून ठेवा, जिमवाले काही म्हणत नाहीत.

एवढं करूनही अर्धे लोक पुढच्या खड्ड्यात पडतात. बेंच ३० वर आहे म्हणून छाती ३० वर आहे असं होत नाही. फ्लॅटला कंबरेची कमान करायची सवय लागलेली असते, तीच सवय घेऊन इनक्लाइनवर जातात, वजन जड झालं की ढुंगण सीटवरून पुढं सरकतं, कंबर उचलली जाते, छाती परत छताकडं तोंड करून आडवी होते आणि मग बेंच इनक्लाइन आणि माणूस मात्र फ्लॅट मारतोय अशी गत. कोन बघायचा तो तुमच्या छातीचा, बेंचचा नव्हे. म्हणून सीटही एक खाच वर घ्या म्हणजे खाली सरकायला होत नाही, ढुंगण टेकलेलंच ठेवा, पाती मागे आवळा पण कंबरेची मोठी कमान करू नका. बार टेकवायचा तो कॉलरबोनच्या दोन-तीन बोटं खाली. फ्लॅटसारखा खाली पोटाकडं आणलात तर बार पुढं पळतो आणि सगळा ताण खांद्यावर येतो. खाली आल्यावर मनगट ते कोपर हात सरळ उभा दिसला पाहिजे, एका दोस्ताला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा, लगेच कळतं.

वजनाचा इगो इथं सोडावाच लागतो. फ्लॅटला ८० किलो मारणाऱ्याला इनक्लाइनला ६०-६५ लागलं तर ते अगदी बरोबर आहे. जो म्हणतो मी दोन्हीकडं सेम वजन मारतो, तो बहुतेक वेळा एकतर अर्धाच बार खाली आणतो नाहीतर वर सांगितलं तसा कमान करून फ्लॅटच मारत असतो.

बाकीचं भराभर. डिक्लाइन, म्हणजे डोकं खाली असलेला बेंच, हवा असेल तर करा, पण खालचे तंतू फ्लॅटमध्ये आणि डिप्समध्ये (दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करण्यात) भरपूर काम करतात, त्यासाठी वेगळा दिवस राखायची गरज नाही. "इनर चेस्ट" नावाचा वेगळा स्नायू नाही, तंतू मधल्या हाडापासून दंडापर्यंत सलग जातात, हात जवळ धरून मधली रेघ पडत नाही, दंडामागचे ट्रायसेप्स दुखतात फक्त. पुशअप मारणाऱ्यांसाठी, म्हणजे बेळगावच्या मराठा सेंटरच्या लष्करी भरतीची तयारी करणारी पोरं वगैरे, पाय उंचावर आणि हात जमिनीवर ठेवलात तर ते इनक्लाइन बेंचच्या जवळ जातं. हात उंचावर ठेवलेत तर उलट, भार खालच्या छातीकडं जातो आणि सोपंही होतं. इथं बरेच जण उलटं करतात.

बारबेल की डंबेल विचाराल तर इनक्लाइनला माझं मत डंबेलच, कारण स्टँडवरून जड बार काढताना खांदा आधीच पुढं येतो, आणि डंबेलला कोपरं आपापल्या वाटेनं जातात. आठवड्यात छातीचे दोन दिवस असतील तर एका दिवशी फ्लॅट आधी, दुसऱ्या दिवशी इनक्लाइन आधी. आधी येतो त्याला ताजी ताकद मिळते. वरची छाती मागं पडलेली असताना इनक्लाइन कायम शेवटी, थकल्यावर, तीन सेट उरकायचे आणि तक्रार करायची, हे चालणार नाही.

राहिला प्रश्न खानापूर-निपाणीकडच्या छोट्या जिमचा, जिथं एकच इनक्लाइन बेंच असतो आणि तो ४५-५० ला वेल्डिंग करून फिक्स. तिथं फ्लॅट बेंचच्या डोक्याकडच्या पायांखाली रुंद, भक्कम लाकडी ठोकळा घाला. चार फुटी बेंच एका बाजूला एक फूट उचलला की साधारण १५ डिग्री होतात, पुरेसं आहे. बेंच हलत नाही ना हे वर बसून आधी तपासा, रबरी मॅटवर ठेवा, आणि त्यावर फक्त डंबेल मारा, बार नको.