एकाच जिवाणूला टिपणारे औषध

प्रतिजैविक घेतले की ते रोगाच्या जिवाणूपुरते थांबत नाही. आतड्यातले निरुपद्रवी, उपयोगी जिवाणूही त्याच्या तडाख्यात सापडतात. त्यांची संख्या घटली की क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलसारखा उपद्रवी जिवाणू तिथे बस्तान बसवतो आणि त्यातून होणारे जुलाब कधीकधी जिवावर बेततात. म्हणून सरसकट सगळ्यांना न झोडपणारी औषधे हवीत. कृत्रिम बुद्धिमत्तेने सूक्ष्मजीवशास्त्राला केलेली सर्वांत मोलाची मदत मला इथेच दिसते.

२०२३ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठ आणि अमेरिकेतील एमआयटी यांच्या संशोधकांनी असिनेटोबॅक्टर बाउमानीचा माग काढला. हा जिवाणू रुग्णालयातल्या वस्तूंवर अनेक दिवस तग धरतो, जखमांत आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या फुप्फुसांत शिरतो, आणि अनेक औषधांना दाद देत नाही. संशोधकांनी आधी सुमारे ७,५०० रेणू त्याच्यावर प्रत्यक्ष वापरून पाहिले. अशा चाचणीची खूण साधी असते. प्लेटमधल्या चिमुकल्या खळग्यात पोषकद्रव, जिवाणू आणि एक रेणू घालायचा. द्रव गढूळ झाला तर जिवाणू वाढले. नितळ राहिला तर रेणूने त्यांना रोखले. हे निकाल संगणकाला शिकवले. अणू आणि त्यांना जोडणारे बंध यांचे जाळे म्हणून तो प्रत्येक रेणू वाचतो, आणि कोणत्या जोडणीने जिवाणू रोखला जातो हे हळूहळू ओळखू लागतो.

मग त्याला ६,६८० अनोळखी रेणू दिले. त्याने दोन तासांच्या आत ते चाळले. निवडक २४० रेणूंची प्रयोगशाळेत परीक्षा झाली, आणि त्यांतून अबाउसिन हाती लागले. जिवाणूच्या बाह्य आवरणाकडे जाणाऱ्या लिपोप्रथिनांची, म्हणजे मेदाचा अंश जोडलेल्या प्रथिनांची, वाहतूक ते अडवते. उंदरांच्या जखमांतला संसर्गही त्याने आटोक्यात आणला. सर्वांत सुखावणारी गोष्ट म्हणजे तपासलेल्या इतर जिवाणूंना, आतड्यातल्या जिवाणूंनाही, त्याने फारसा धक्का लावला नाही.

इथे यंत्राने शोध लावला असे म्हणणे मला पटत नाही. त्याने शोधाची जागा आखडून दिली, आणि तेवढेही फार मोठे आहे. पण अबाउसिन जिवाणूत नेमके काय बिघडवते, हे त्या अंदाजातून कळले नव्हते. त्यासाठी संशोधकांना वेगळे प्रयोग करावे लागले. शिवाय हे शिक्षण एकाच जिवाणूपुरते असते. दुसऱ्या जिवाणूसाठी पुन्हा हजारो खळगे भरून नवे निकाल मिळवावे लागतात.